कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबं शाळा कशी निवडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेरीलँडमधल्या कोलंबियात राहते. दरवर्षी घरं बघायचा हंगाम सुरू झाला की नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींचे शाळांविषयीचे प्रश्न सुरू होतात. निम्मे रेटिंगचे, म्हणजे संकेतस्थळं शाळांना दहापैकी जे गुण देतात त्यांचे असतात. उरलेल्यांत एक प्रश्न हमखास, जरा चाचरत येतो: "तिथे कृष्णवर्णीय मुलं जास्त आहेत म्हणे, चालेल ना?" त्याला उत्तरं देता देता लक्षात आलं, की ती मुलं ज्यांची आहेत ते आईबाप शाळा कशी पारखतात, हे आपण कधी विचारतच नाही. पुढे तेही प्रश्न येऊ लागले, काही तर महाराष्ट्रातल्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून. उत्तरं खाली आहेत. तेच ते पुन्हा नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते ना? मग 'निवड' कसली?

पत्त्यावरूनच मिळते, म्हणून तर घर निवडणं म्हणजेच शाळा निवडणं. शाळांच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरं महाग, तिथे शाळा सधन. आता कुठली वस्ती महाग आणि कुठली स्वस्त, हे काही आपोआप ठरलेलं नाही. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, त्यात कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात गेल्या आणि तिथे कर्ज मिळणं मुश्कील झालं. ते नकाशे कधीच बाद झाले, पण त्यांची छाया बऱ्याच शहरांतल्या शाळांच्या हजेरीपटावर अजून दिसते. पैशातली ही तफावत सॅन अँटोनियोच्या पालकांनी सुप्रीम कोर्टात नेली होती. १९७३ मध्ये ते ५ विरुद्ध ४ अशा मतांनी हरले.

पत्त्याबाहेरच्या वाटाही आहेत. मॅग्नेट म्हणजे एखाद्या विषयावर भर देणारी सरकारी शाळा, प्रवेश बहुधा सोडतीने. चार्टर शाळांचं प्रश्न १० मध्ये पाहा. खासगी शाळा आहेत, आणि काही राज्यांत त्यांच्या फीसाठी सरकारी व्हाउचर मिळतं. व्हाउचर म्हटलं की आपल्याला उजव्या विचारांचे गोरे राजकारणी आठवतात, पण १९९० मध्ये मिलवॉकीत ही योजना लढून आणली ती पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदारबाईंनी.

२. 'कृष्णवर्णीय', 'ब्लॅक' की 'आफ्रिकन-अमेरिकन'? नक्की काय म्हणायचं?

बोलताना 'ब्लॅक' म्हटलेलं चालतं, तेच सर्रास वापरात आहे. 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हणजे बहुधा ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले ती कुटुंबं. नायजेरिया किंवा जमैकाहून अलीकडे आलेले अनेक जण स्वतःला तसं म्हणवत नाहीत. मराठीत लिहिताना मी 'कृष्णवर्णीय' वापरते. घरात आपण जो दुसरा शब्द वापरतो तो मुलांच्या तोंडून शाळेत बाहेर पडतो, एवढं लक्षात ठेवा.

३. शाळेत 'विविधता' हवी, असं हे पालक म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय हवं असतं?

आपल्या लेखी विविधता म्हणजे शाळेच्या माहितीपत्रकावरचा रंगीबेरंगी फोटो. त्यांच्या लेखी तो आकडा असतो: वर्गात माझ्या मुलासारखी आणखी किती मुलं? शून्य असतील तर गुलामगिरीचा धडा आला की सगळ्या माना त्याच्याकडे वळणार. चार-पाच असतील तर तो नुसता एक मुलगा असेल, कुणाचा प्रतिनिधी नाही.

माझी शेजारीण दोन मुलांची आई आहे, व्यवसायाने ऑडिटर. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका शाळेच्या ओपन हाउसला, म्हणजे पालकांना शाळा दाखवायच्या कार्यक्रमाला गेलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही. दारातून आत गेल्यावर काचेच्या कपाटात करंडक आणि संघांचे फोटो होते. मी पुढे निघाले, ती थांबली. फुटबॉल संघाच्या फोटोत बोट फिरवत तिने काहीतरी मोजलं, मग गणित संघाच्या फोटोत मोजलं, आणि पर्समधल्या छोट्या वहीत दोन आकडे लिहिले. पहिला ११, दुसरा ०. शाळा दाखवायला आलेल्या मुलीला तिने विचारलं, "जेवायच्या सुट्टीत तू कुणाबरोबर बसतेस?" आणि समुपदेशक बाईंना विचारलं, "आठवीत अल्जेब्रा घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुलं किती?" (इथे आठवीत अल्जेब्रा निवडक मुलांनाच मिळतो.) त्या गोड हसून म्हणाल्या, "आम्ही इथे कुणाचा रंग बघत नाही." तेही वाक्य वहीत गेलं, खाली रेघ मारून. मी त्या संध्याकाळी बस कुठे थांबते तेवढं विचारून आले होते.

तिच्या वहीत विविधता आणि अभ्यास असे दोन रकाने नव्हतेच. गणित संघातला तो ० दोन्हींचं उत्तर एकदम देत होता.

४. पण एकच निवडायचं झालं तर? विविधता की अभ्यास?

असं कोपऱ्यात गाठून विचारलं की बहुतेक कृष्णवर्णीय पालक अभ्यासाच्या बाजूने कौल देतात. पब्लिक अजेंडा या संस्थेने १९९८ मध्ये केलेल्या पाहणीत दहांतल्या आठ कृष्णवर्णीय पालकांनी शाळांनी आधी अभ्यासाचा दर्जा वाढवावा, असं सांगितलं. मिश्र शाळांना प्राधान्य देणारे दहांत एकही धड नव्हते. याचा अर्थ त्यांना मिश्र शाळा नकोत, असा मात्र लावू नका. त्याच पालकांना नुसतं विचारलं की मिश्र शाळा चांगली का, तर बहुतेक जण हो म्हणतात.

हा वाद जुना आहे. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी लिहिलं, की कृष्णवर्णीय मुलाला ना वेगळी शाळा हवी ना मिश्र, त्याला शिक्षण हवं. मिश्र शाळेत त्याचा पाणउतारा होणार असेल तर वेगळी बरी, असं हा माणूस म्हणत होता, आणि तोही भेदभावाविरुद्ध आयुष्यभर लढलेला. १९७६ मध्ये कायद्याचे प्राध्यापक डेरिक बेल यांनी आपल्याच गोटातल्या वकिलांना टोचणी लावली: तुम्ही मिश्र शाळांसाठी खटले लढवताय, पण तुमच्या अशिलांना, म्हणजे पालकांना, आधी चांगली शाळा हवी आहे. हे बेल स्वतः असे खटले लढवून आलेले होते, म्हणून ते जास्त झोंबलं.

५. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेगळ्या शाळा बंद केल्या ना? मग अजून हे का चालू आहे?

तो निकाल ज्या ब्राऊन खटल्यात लागला, त्याची एक बाजू शाळेच्या पुस्तकात येत नाही. कॅन्ससमधल्या टोपेका गावच्या ब्राऊन कुटुंबाची तक्रार आपल्या मुलीची शाळा वाईट आहे, अशी नव्हती. खालच्या कोर्टाने तर तिथल्या दोन्ही प्रकारच्या शाळा जवळपास सारख्याच ठरवल्या होत्या. तक्रार होती ती घराजवळची शाळा गोऱ्यांची म्हणून बंद, आणि लेकराने रेल्वेच्या यार्डातून चालत जाऊन लांबच्या शाळेची बस धरायची, ही.

निकाल लागला, पण शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली आणि त्यांचे शिक्षक घरी बसले. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडच्या १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असं मानलं जातं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) तर मुलं एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावलं.

पुढे १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की शहरातल्या शाळा सुधारण्यासाठी भोवतालच्या उपनगरांना ओढता येणार नाही. गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली होतीच, या निकालाने मधली भिंत पक्की केली. आज दिसणारं वेगळेपण मुख्यतः एका शाळेतलं किंवा एका डिस्ट्रिक्टमधलं (डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी शाळा चालवणारा स्थानिक विभाग) नाही, दोन डिस्ट्रिक्टमधलं आहे. म्हणून सगळं पुन्हा घराच्या पत्त्यावर येतं.

६. सगळी मुलं कृष्णवर्णीय असलेली शाळा अभ्यासात कमीच असणार, नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि उत्तर सगळ्यांत लांब द्यावं लागतं.

वॉशिंग्टनची डनबर हायस्कूल घ्या. १८७० मध्ये सुरू झाली, पुढे बराच काळ एम स्ट्रीट हायस्कूल म्हणून ओळखली गेली. विद्यापीठं कृष्णवर्णीयांना प्राध्यापक म्हणून घेत नसत, त्यामुळे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकार कार्टर वुडसन इथे मुलांना शिकवत. रक्तपेढीचं तंत्र घडवणारे चार्ल्स ड्रू इथले. वेगळ्या शाळांविरुद्धच्या कायदेशीर लढाईची आखणी करणारे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हेही याच वेगळ्या शाळेत शिकलेले. दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड आणि कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुढाकाराने जवळपास ५ हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यांत गावोगावच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, जमीन दिली, स्वतः भिंती बांधल्या. आजी-आजोबा ज्या शाळेविषयी अभिमानाने बोलतात ती शाळा 'कमी' आहे, हे नातवंडांना पटवणं अवघड आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी कोर्टाच्या हुकमाने मिश्र झालेल्या शाळांतल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. ती कृष्णवर्णीय मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, त्यांची तब्येतही बरी राहिली, आणि गोऱ्या मुलांचं काही बिघडलं नाही. कारण गोऱ्यांच्या शेजारी बसण्यात काही जादू आहे असं नाही. शाळा मिश्र झाली तेव्हा पैसा, लहान वर्ग, चांगली साधनं तिथवर पोचली. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन हेच दुसऱ्या टोकाने सांगतात: गुणांतली दरी वाढते ती मुख्यतः गरीब मुलं एकाच शाळेत कोंबली गेल्याने. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला अशा शाळा जास्त येतात.

आमच्या शेजारची प्रिन्स जॉर्जेस काउंटी तिथल्या सुशिक्षित, कमावत्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी देशभर ओळखली जाते. अनेक जण मुद्दाम तिथे घर घेतात: शेजारी आपले, चर्च आपलं, डॉक्टर आपला. रेटिंग शेजारच्या काउंट्यांपेक्षा कमी आहे, हे त्यांना ठाऊक असतं. माझ्या ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, "गणिताची शिकवणी मी विकत आणू शकतो. आपण कुणीतरी आहोत, ही भावना कुठून विकत आणू?" त्याच्याच सख्ख्या बहिणीने नेमकं उलटं ठरवलं आणि आमच्या काउंटीत आली. दोघं दर थँक्सगिव्हिंगला यावरून भांडतात.

७. रेटिंग ९ असलेल्या शाळेत आणखी बघण्यासारखं काय उरतं?

रेटिंगचा मोठा भाग परीक्षेच्या सरासरी गुणांवर उभा असतो, आणि सरासरी गुण बऱ्याच अंशी आईबापांच्या मिळकतीचा आरसा असतात. शाळा मुलाला पुढे किती नेते, हा वेगळा आकडा आहे. रिअर्डन यांच्याच अभ्यासात शिकागोच्या सरकारी शाळांतली मुलं पाच वर्षांत सहा वर्षांइतकी प्रगती करताना दिसली, आणि शिकागोच्या शाळा म्हटल्या की लोक नाक मुरडतात!

जाणते कृष्णवर्णीय पालक म्हणूनच सरासरीवर थांबत नाहीत. राज्याच्या संकेतस्थळावर गुणांची फोड मिळते. ९ रेटिंगच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांचे गुण कुठे आहेत, गिफ्टेड आणि ऑनर्स या हुशार मुलांसाठीच्या वर्गांत ती किती आहेत, निलंबन कुणाचं होतं, हे ते बघतात. कारण शाळा चांगली असूनही दार अर्धवटच उघडं असू शकतं. ग्रिसम आणि रेडिंग या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की गुण सारखे असतानाही कृष्णवर्णीय मुलांची गिफ्टेड वर्गासाठी शिफारस कमी होते. शिक्षक कृष्णवर्णीय असेल तर ही तफावत बरीच मिटते.

८. शिक्षक कुठल्या वर्णाचा आहे, याने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. टेनेसीतल्या मुलांच्या नोंदींवरून असं दिसलं, की तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेली कृष्णवर्णीय मुलं कॉलेजात जाण्याची शक्यता १३ टक्क्यांनी वाढते, दोन लाभले तर ३२ टक्क्यांनी. नॉर्थ कॅरोलायनात तिसरी ते पाचवीत असा एक शिक्षक मिळालेल्या गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांची शाळागळती ३९ टक्क्यांनी घटली. सावित्रीबाई वर्गात उभ्या राहिल्या तेव्हा समोरच्या मुलींना काय वाटलं असेल, याचा अंदाज आपल्याला असायला हरकत नाही.

अडचण अशी, की देशातल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांत कृष्णवर्णीय जेमतेम ६ टक्के आहेत, मुलांत मात्र १५ टक्क्यांच्या आसपास. प्रश्न ५ मधले ३८ हजार आठवा.

९. मिश्र वस्तीचं, सुखवस्तू उपनगर बघितलं की काम झालं, असं समजायचं का?

ओहायोतलं शेकर हाइट्स १९५० च्या दशकापासून ठरवून मिश्र राहिलेलं गाव. घरं छान, शाळा नावाजलेली, निम्मी मुलं कृष्णवर्णीय. तरीही एकाच इयत्तेत अवघड अभ्यासाच्या 'वरच्या' वर्गांत गोरी मुलं जास्त आणि सोप्या 'खालच्या' वर्गांत कृष्णवर्णीय. एकाच इमारतीत दोन शाळा. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनी स्वतः पुढाकार घेऊन मूळचे नायजेरियाचे मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांना बोलावलं: बघा, आमची मुलं मागे का राहतात? ओग्बूंनी शिक्षकांच्या कमी अपेक्षांवर बोट ठेवलंच, पण मुलं पुरेशी मेहनत घेत नाहीत आणि पालक लक्ष कमी घालतात, असंही लिहिलं. ज्यांनी बोलावलं त्यांतले अनेक जण संतापले. मला त्या संतापात तथ्य वाटतं. मुलांची मेहनत मोजायला निघालात, तर त्यांना कुठल्या वर्गात बसवलं हे आधी मोजावं लागतं. २०२० मध्ये शेकर हाइट्सने बऱ्याच इयत्तांमधली वर्गांची ही वरची-खालची विभागणी काढून टाकली.

१०. चार्टर शाळांबद्दल कृष्णवर्णीयांचं मत अनुकूल की प्रतिकूल?

संघटनेचं एक, रांगेतल्या आईचं दुसरं. चार्टर शाळेला सरकारी पैसा मिळतो पण कारभार स्वतंत्र मंडळ बघतं. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला. २०१६ मध्ये एनएएसीपी या सर्वांत जुन्या नागरी हक्क संघटनेने नव्या चार्टर शाळांना स्थगिती द्या, असा ठराव केला. त्याच वेळी शहरोशहरी कृष्णवर्णीय पालक याच शाळांच्या सोडतीत नाव निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. यांतल्या अनेक शाळांत विविधता नावालाही नसते, जवळपास सगळी मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. ओढ असते ती गुणांची आणि शिस्तीची. शिस्तीचाच काच झाला म्हणून मुलं काढून घेणारेही आहेत. 'किप' या मोठ्या साखळीने २०२० मध्ये आपलं 'खूप कष्ट करा, चांगलं वागा' हे ब्रीदवाक्य सोडलं. मेहनत केली आणि नीट वागलं की वर्णभेद संपतो, असा त्याचा अर्थ निघतो, हे त्यांचं त्यांनाच खटकलं.

११. मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळा विचार करतात का?

करतात, आणि मला सुरुवातीला याचं आश्चर्य वाटलं होतं. बॉस्टनमध्ये १९६६ पासून मेट्को ही योजना आहे. शहरातली मुलं पहाटे उठून बसने उपनगरांतल्या, बहुतांशी गोऱ्या शाळांत जातात. समाजशास्त्रज्ञ सिमोन इस्पा-लांडा यांना अशा योजनेतल्या मुलांत दिसलं, की मुलगे तिथे 'भारी' ठरतात, त्यांना मित्र मिळतात. मुलींना मात्र 'आवाज फार करतात' असा शिक्का बसतो आणि त्या बाजूला पडतात.

मुलग्यांची काळजी वेगळी: शिक्षा. देशभरात कृष्णवर्णीय मुलांच्या निलंबनाचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या तिपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. पाचवीतला गोंडस मुलगा आठवीत उंच झाला की तोच दंगा 'धोका' वाटू लागतो. म्हणून कित्येक घरांत प्राथमिकसाठी एक शाळा आणि सहावीनंतर दुसरी, असं आधीच ठरलेलं असतं.

आणि केस. वेण्या किंवा जटांसारखी केशरचना शाळेच्या नियमात बसत नाही म्हणून मुलांना घरी पाठवलेलं आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने याविरुद्ध पहिला कायदा केला, मग वीसहून जास्त राज्यांनी. शाळेची नियमपुस्तिका हातात आली की माझी शेजारीण आधी पोशाखाचं पान उघडते.

१२. विविधता राखण्याचा नियमच कृष्णवर्णीय मुलांच्या आड आला, असं कधी झालं आहे का?

झालं आहे, दोन ठिकाणी तर अगदी ठळकपणे.

केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये सेंट्रल हायस्कूल ही जुनी, अभिमानाची कृष्णवर्णीय शाळा. मोहम्मद अली इथलाच. मिश्रीकरणाच्या योजनेत नियम आला, की कुठल्याही शाळेत कृष्णवर्णीय मुलं निम्म्याहून जास्त नकोत. सेंट्रलला पुरेशी गोरी मुलं मिळेनात. मग तोल राखण्यासाठी काय केलं? कृष्णवर्णीय मुलांना नकार दिला. बाकं रिकामी आणि दारात त्याच वस्तीतली मुलं उभी. पालक कोर्टात गेले आणि २००० मध्ये जिंकले. मजा बघा, त्याच डिस्ट्रिक्टविरुद्ध नंतर एका गोऱ्या आईने खटला भरला, आणि सिॲटलच्या खटल्याबरोबर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर निकाल दिला. एखाद्या मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे त्याच्या वर्णावरून ठरवणं त्यानंतर जवळजवळ अशक्य झालं. सेंट्रलच्या पालकांना आपली शाळा वाचवायची होती, पण त्यांनी उघडलेल्या वाटेने पुढे कोण कोण गेलं!

कनेटिकटमधल्या हार्टफर्डची गोष्टही याच वळणाची. १९८९ मध्ये भरलेल्या आणि १९९६ मध्ये जिंकलेल्या एका खटल्यामुळे तिथे उत्तम मॅग्नेट शाळा निघाल्या. अट अशी, की किमान २५ टक्के मुलं गोरी किंवा आशियाई हवीत. तेवढी उपनगरांतून आली नाहीत तर जागा रिकाम्या ठेवायच्या, पण प्रतीक्षायादीतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना द्यायच्या नाहीत. २०१८ मध्ये या पालकांनी दावा लावला, २०२० मध्ये तडजोड झाली. गंमत अशी, की या हिशेबात आपली भारतीय मुलं 'विविधता वाढवणारी' ठरत होती.

१३. पत्ता खोटा देऊन चांगल्या शाळेत घालतात, हे खरं का?

सगळ्याच समाजांत घडतं. शिक्षा कुणाला होते, एवढाच प्रश्न. ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये एका कृष्णवर्णीय आईने वडिलांच्या पत्त्यावर दोन मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत घातलं. २०११ मध्ये त्यापायी ती नऊ दिवस तुरुंगात होती. ओरड झाल्यावर गव्हर्नरांनी तिचा गुन्हा सौम्य केला. कृष्णवर्णीय पालकांच्या गप्पांत ही गोष्ट अजून निघते.

१४. शाळाच नको, घरी शिकवू, असंही म्हणतात का?

कोविडपासून जास्तच. जनगणना खात्याच्या पाहणीत घरी शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं प्रमाण २०२० च्या वसंतात ३.३ टक्के होतं, त्याच वर्षीच्या शरदात १६.१ टक्के झालं. मुलांचे ऑनलाइन वर्ग स्वयंपाकघरात भरले आणि शिक्षक त्यांच्याशी कसे बोलतात, हे आयांनी पहिल्यांदाच कानांनी ऐकलं, असं मला दोघींनी सांगितलं.

१५. बारावीपर्यंत गोऱ्यांच्या शाळेत घालून मग कॉलेजला हॉवर्ड किंवा स्पेलमनला पाठवतात. हे उलटं नाही का?

उलटं नाही, हिशेबी आहे. शाळेची बारा वर्षं मूल वर्गात एकटं असतं, त्याची भरपाई म्हणून चार वर्षं अशा ठिकाणी, जिथे सगळेच त्याच्यासारखे. कृष्णवर्णीयांसाठी निघालेली अशी सुमारे शंभर कॉलेजं आणि विद्यापीठं आजही चालू आहेत. कमला हॅरिस हॉवर्डच्याच, आणि लहानपणी बर्कलीत बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत जाणाऱ्यांपैकीही. शाळेच्या वयात ही भरपाई चर्च करतं, किंवा 'जॅक अँड जिल'सारखी मंडळं. ते १९३८ मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय आयांनी सुरू केलं. आपल्या रविवारच्या मराठी शाळा आठवतात का?

१६. आपली मुलं परीक्षा देऊन न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंटला किंवा व्हर्जिनियाच्या टीजेला (थॉमस जेफरसन), अशा नावाजलेल्या सरकारी हायस्कुलांत जातात. यात कृष्णवर्णीयांवर अन्याय कुठे होतो?

मुलांची चूक काहीच नाही. पण २०१९ मध्ये स्टायव्हसंटच्या ८९५ जागांपैकी ७ कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या. त्या शहरात हुशार कृष्णवर्णीय मुलं सातच आहेत, असं मानायचं का? टीजेने २०२० मध्ये प्रवेशपरीक्षा काढून प्रत्येक माध्यमिक शाळेला काही जागा राखल्या, तेव्हा पहिल्याच वर्षी कृष्णवर्णीय मुलं १ टक्क्यावरून ७ टक्क्यांच्या आसपास गेली. याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत आपले भारतीय पालक पुढे होते. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. माझं मत विचाराल तर, आठवीत अल्जेब्रा कुणाला मिळतो (प्रश्न ३ आणि ७) इथेच निम्मा निकाल लागलेला असतो. परीक्षा तो फक्त जाहीर करते.

१७. आपल्या आरक्षणाशी तुलना करता येईल का?

सांधा खरा आहे, चौकट वेगळी. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये प्रश्न ४ मधल्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती. पण इथे शाळेत राखीव जागा नाहीत, आणि २००७ नंतर (प्रश्न १२) वर्ण बघून जागा देण्याची सोयही जवळपास उरलेली नाही. कॉलेजप्रवेशातला वर्णाचा विचारही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये थांबवला.

१८. प्रश्न ३ मधल्या शेजारणीने शेवटी कुठली शाळा घेतली?

गणित संघात ० असलेलीच. दुसऱ्या शाळेत आकडे बरे होते, पण मोठ्याला तिथून सहावीत काढावं लागलं असतं, आणि नवऱ्याची नोकरी दुसऱ्या दिशेला. पहिल्या आठवड्यात तिने मुख्याध्यापकांना ईमेल केला: मुलाचे गुण जोडले आहेत, अल्जेब्राच्या वर्गात घालण्याचे निकष लेखी कळवावेत. उत्तर यायला बारा दिवस लागले, तेही वहीत आहे. धाकटीच्या वेळेला तिने वही मला वाचायला दिली आणि म्हणाली, "या वर्षी ओपन हाउसला तू मोज, मी बसचं विचारते."